दोन बोटं पुढे

यंत्रावरून उतरलेला भाग हातात आला की अण्णा आधी मोजपट्टीकडे जात नसत. शर्टाची बाही वर सारायची, डोळे मिटायचे आणि तो भाग हाताच्या आतल्या बाजूवरून मनगटापासून कोपरापर्यंत हळूहळू फिरवायचा. मध्येच थांबून म्हणायचे, "हितं बोलतंय बघा." मी तिथे बोट लावून पाहायची, तर काहीच लागायचं नाही. मोजलं की कागदाच्या जाडीएवढी कड राहिलेली निघायची. तोवर त्यांनी कानस उचललेली असे.

असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. त्याच्याबद्दल आपण कौतुकाने बोलतो, पाहुण्यांना मुद्दाम त्याच्यापाशी नेऊन त्याची करामत दाखवतो. आणि निर्णय घ्यायची वेळ आली की त्याला सगळ्यात शेवटी विचारतो, किंवा विचारतच नाही.

आमचा कारखाना बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत. कारखाना म्हणायचा इतकंच. एक लांब शेड, पाच-सहा यंत्रं आणि वर पत्र्याच्या खोलीत आमचं ऑफिस. हायड्रॉलिक पंपांचे अॅल्युमिनियमचे भाग आम्ही करून देत असू. मी तिथे डिझाईन बघायला लागले तेव्हा हे फिटर म्हणून तिथे मुरलेले होते. वय पन्नाशीच्या पुढे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मालकसुद्धा. मालकांशी ते कानडीत बोलत, माझ्याशी मराठीत, उत्तरेकडून आलेल्या वेल्डरशी हिंदीत आणि बिघडलेल्या यंत्राशी शिट्टी वाजवत.

मी कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली, वकिलाची मुलगी, नुकतीच इंजिनिअर झालेली. पहिल्या आठवड्यात मी काढलेलं ड्रॉइंग घेऊन खाली गेले, तर कामगार माझ्या डोक्यावरून मालकांच्या खोलीकडे बघत उभे. अण्णांनी पुढे होऊन कागद घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडमनी काढलंय तसं लावा. चुकलं तर मॅडमच सांगतील चुकलं म्हणून." त्या दिवसापासून माझे कागद कोणी अडवले नाहीत.

ते वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. का, ते पुढे येईलच.

त्यांचं गाव उचगावच्या पलीकडे. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे. काम बंद पडल्यावर तिच्यात पाणी साठलं आणि तळं झालं. त्यांचे वडील त्या खाणीत दगड फोडायला होते. अण्णा पोहायला तिथेच शिकले. विहिरी सोडून खाणीत का, असं मी एकदा सहज विचारलं. त्यांनीही तितक्याच सहज सांगितलं, "विहिरीत आमाला कोण उतरू देत न्हवतं. खाण आमचीच हुती की. आमच्या बानं फोडलेली." आणि कानस परत चालवायला घेतली. त्यांची एकुलती एक मुलगी निपाणीच्या कॉलेजात शिकवते. तिचा विषय निघाला की ते हातातलं काम खाली ठेवत.

एके दिवशी किनाऱ्यावरून एक गृहस्थ गाडीच्या टपावर विचित्र वस्तू बांधून आले. ते समुद्रावर पर्यटकांना खेळ शिकवायचे. वस्तू म्हणजे एक फळी. तिच्या पोटाला कमरेएवढा उंच खांब, खांबाच्या टोकाला आडवी दांडी, दांडीच्या पुढे मोठा पंख आणि मागे छोटा. छोटं विमानच उलटं करून फळीला टांगावं तसं. पाण्यात वेग घेतला की पंख खालून उचलतात आणि फळी पाण्यावर हातभर वर तरंगत जाते. परदेशातून मागवलेला हा सरंजाम सारखा मोडतो, तुम्ही इथे करून द्याल का, असं त्यांचं म्हणणं. याला वारा लागत नाही, लाट लागत नाही, नुसतं पंपिंग केलं की झालं, असं ते म्हणाले.

अण्णांनी फळीभोवती एक फेरी मारली. "ह्यात पंप कुठं हाय?" आम्ही जन्मभर पंपाचेच भाग केलेले, त्यांचं विचारणं बरोबरच होतं. पाहुण्यांनी हसून मोबाईलवर एक चित्रफीत लावली. एक माणूस धक्क्यावरून धावत येतो, फळी पाण्यावर टाकून तिच्यावर उडी मारतो आणि नुसते गुडघे वाकवत, सरळ करत, पाण्यावरून निघून जातो. अण्णांनी ती परत लावायला सांगितली. मग आणखी एकदा. चौथ्यांदा पाहताना त्यांचे स्वतःचे गुडघे हलत होते.

"पंचमीचा झोका हाय हा," ते म्हणाले. "उभारून चढवतोय तसला."

नमुना तयार व्हायला तीन महिने गेले. पंख घासून त्यांनी इतका गुळगुळीत केला की मला हात लावायला संकोच वाटे. पण ते समाधानी नव्हते. वापरल्याशिवाय कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. आमच्यात पोहता येणारे तेच एकटे. मग खाणीच्या काठाला रिकामी पिंपं आणि फळ्या बांधून त्यांनी एक धक्का तयार केला आणि दर रविवारी सकाळी तिथे उड्या मारायला सुरुवात केली. मी स्कूटर घेऊन जायची, वही सांभाळायला. काठावर गाव जमायचं. बायका धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन थांबायच्या. पन्नाशीचा माणूस चड्डीवर धावत येतो, उडी मारतो आणि धप्पकन पाण्यात जातो, हे बघायला कोणाला आवडणार नाही? त्यांच्या पत्नी, आक्का, तेवढ्या यायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, मला माझी लाज घरातच राखू दे.

सातव्या की आठव्या रविवारी ते पडले नाहीत. पाच-सहा झोके घेत खाणीच्या मध्यापर्यंत गेले आणि तिथे सावकाश बुडाले. वर आले तेव्हा इतके हसत होते की नाकातोंडात पाणी गेलं.

त्यानंतर मला जे शिकायला मिळालं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते म्हणायचे, झोका जोराने चढत नाही, वेळेवर चढतो. फळी खाली जाताना पुढच्या पायाने दाबायचं, ती वर यायला लागली की अंग हलकं करायचं. पण ती वेळ प्रत्येक जोडणीत वेगळी. मोठा पंख लावला की लांब, संथ झोके, छोटा पंख लावला की "शिलाई मशीनगत पाय मारायला लागतंय." मागच्या छोट्या पंखाखाली ते थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी सरकवायचे. तेवढ्या पट्टीनेही फरक पडायचा. एका बाजूने सरकवली तर फळी स्थिर पण जड, दुसऱ्या बाजूने सरकवली तर सुळकन पळणारी पण पायाखालून निसटणारी.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट खांबाची जागा. फळीच्या पोटाला दोन खाचा असतात, त्यांत खांब पुढेमागे सरकवून चार बोल्टांनी आवळायचा. खांब पुढे नेला की फळीचं नाक वर उठायला बघतं, पुढच्या पायावर सगळा भार द्यावा लागतो. मागे नेला की नाक खाली, मागचा पाय भरून येतो. अण्णांनी कितीतरी रविवार घालवून खांबाची जागा शोधली आणि खाचेवर खिळ्याने एक रेघ मारली. वर फळीवर पाय ठेवायच्या जागाही रंगाने आखल्या. "हितं बांधला तर दोनी पाय एकमेकाचं ऐकत्यात," असं त्यांचं म्हणणं.

मी वर ऑफिसात संगणकावर तेच गणित करत होते. माझ्या गणिताने खांब त्यांच्या रेघेपेक्षा दोन बोटं पुढे यायला हवा होता. मी त्यांना ते एकदा सांगितलं होतं. त्यांनी वहीकडे आदराने पाहिलं आणि म्हणाले, बघू कधीतरी. ते कधीतरी आलं नाही. मला ते लागलं होतं, हे आज कबूल करते. सगळे त्यांच्या पायांचं कौतुक करत होते आणि माझ्या चार महिन्यांच्या गणिताला कोणी विचारत नव्हतं.

पाहुणे नमुना बघायला यायचे होते, तो दिवस उजाडला. मालक, पाहुणे, त्यांच्याबरोबर कॅमेरा घेऊन आलेली एक मुलगी, सगळे खाणीवर जमणार होते. मी लवकर पोचले. फळी धक्क्यावर जोडून तयार होती. अण्णा कपडे बदलायला आणि पाहुण्यांना चहा द्यायला घरी गेले होते. माझ्या पिशवीत पाना होता. मी चार बोल्ट ढिले केले, खांब दोन बोटं पुढे सरकवला आणि आवळून टाकला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्यांना सांगायचं ठरवलं होतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. खरं तसं नव्हतं. सगळं झकास झाल्यावर सांगायचं, असं ठरवलं होतं. सगळ्यांसमोर, मालकांसमोर, हसत हसत सांगायचं की आज जे पाहिलंत ते माझं गणित.

ते आले, फळी उचलली. खाली वाकून बघण्याचं त्यांना कारण नव्हतं. जोडणी त्यांचीच होती आणि फळीपाशी मी उभी होते. धावत आले, उडी मारली. पाय रंगाच्या खुणांवर नेमके पडले. पहिल्याच झोक्याला फळी रोजच्यापेक्षा वर उसळली. कॅमेऱ्याजवळची मुलगी खूश होऊन काहीतरी म्हणाली. अण्णा पुढे झुकलेले मला दिसले. त्यांना कळलं होतं, पण दुसरा झोका सुरू झालेला होता. फळी आणखी वर गेली, पंख पाण्याबाहेर आला आणि बाहेर आलेल्या पंखाला आधार कसला असणार. फळी कोसळली, ते पुढे फेकले गेले आणि उलटलेल्या फळीचा पंख त्यांच्या उजव्या गुडघ्यावर बसला. आम्हीच घासून तलवारीसारखा केलेला पंख.

त्यांना काठावर आणलं तेव्हा पाणी लाल झालेलं होतं. ते सगळ्यात आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "माझा पाय चुकला, मॅडम."

मी तिथेच बोलायला हवं होतं. मालक गाडी काढायला पळाले, पाहुणे हिंदीत म्हणत होते की या वयात हे असं करायला नको. मी रुमाल धरून गुडघा दाबत होते. बोलले नाही.

शस्त्रक्रिया झाली. गुडघ्याच्या आतला एक दोर, लिगामेंट, तुटला होता, असं डॉक्टर म्हणाले. मी रोज दवाखान्यात जायची. मुलगी निपाणीहून येऊन राहिली होती. तिला जरा घरी जाऊन येता यावं म्हणून संध्याकाळी मी त्यांच्यापाशी बसायची. ते मला परत परत सांगायचे, उडी पडली तेव्हाच काहीतरी निराळं लागलं, पण पायाला कळलं नाही. वय झालं बघा. मी मान हलवायची. मान हलवणं हे खोटं बोलण्यापेक्षा सोपं असतं, एवढं मी तिथे शिकले.

चाचणीचा अहवाल लिहायचं काम माझं होतं. कारण या रकान्यात मी लिहिलं, चालवणाऱ्याची चूक. पाहुण्यांनी तो वाचला आणि काम आम्हालाच दिलं. खांबाची खूण म्हणून साच्यात माझी रेघ गेली, दोन बोटं पुढची. तोवर खाणीवर जाऊन मी त्यांची खिळ्याची रेघ पॉलिश कागदाने पुसून टाकली होती. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी ते कामावर आले. किंचित लंगडत, पण आले. मला वाटलं, झालं, आता हळूहळू सगळं पूर्वीसारखं होईल. तसं झालं नाही. एके सकाळी मी पाहिलं, ते एक भाग हातावरून न फिरवता मोजपट्टीने मोजत होते. मोजला, खाली ठेवला, परत उचलून मोजला. मग वेल्डरला बोलावून म्हणाले, तू जरा बघ रे. मी विचारलं, काय झालं अण्णा? ते कसंनुसं हसले. "पायानं फशिवलं, मॅडम. आता हाताचं काय सांगावं."

खाणीकडे ते परत गेले नाहीत. मुलीने शपथ घातली होती, आक्का रागावल्या होत्या, आणि गावातले लोक रस्त्यात गाठून गमतीने विचारायचे, काय अण्णा, विमान कुठं उतरलं? ते गमतीनेच उत्तर द्यायचे. धक्क्याच्या फळ्या कोणीतरी सरपणाला नेल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी निवृत्तीची मुदत यायच्या आधीच काम सोडलं आणि दोघंही मुलीकडे निपाणीला राहायला गेली. निरोपाच्या दिवशी मालकांनी शाल घातली. मी भाषण केलं. चांगलं झालं, असं लोक म्हणाले.

अपघातापासून तीन वर्षं अशी गेली. आमच्या फळ्या किनाऱ्यावर चालू लागल्या होत्या. मग एक दिवस त्या पाहुण्यांचा फोन आला. तक्रार नव्हती, नव्या फळ्यांसाठी एक सूचना होती. तुमच्या खुणेवर खांब कोणीच बांधत नाही, ते म्हणाले. शिकणारे, शिकवणारे, सगळे थोडं मागे बांधतात, मग झोका सापडतो. किती मागे, मी विचारलं. त्यांनी कोणाला तरी हाक मारून मोजायला लावलं. दोन बोटं.

तोवर मी मनाची समजूत अशी घालत आले होते की अपघात कसाही झाला असता, खांब कुठेही असता तरी. आता तेही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या अहवालातलं ते वाक्य खोडून खरं काय ते लिहिलं आणि मालकांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, कानडीत म्हणाले, आता कशाला. आणि कागद कप्प्यात ठेवून दिला. ते सोपं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मी निपाणीची बस पकडली.

मुलीचं घर कॉलेजच्या मागच्या वसाहतीत. आक्का गावी गेल्या होत्या. अण्णा व्हरांड्यात बसून कोणाच्यातरी कुकरची मूठ बसवत होते. मला बघून उठले. आधी डावा पाय, मग उजवा ओढून घेतला. "जय भीम, मॅडम. फोन तरी करायचा न्हाय व्हय?"

पाणी दिलं, खुर्ची दिली. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलणं सुरू झालं असतं आणि पुन्हा राहिलं असतं. उभ्यानेच सांगितलं. पाना, चार बोल्ट, पुसलेली रेघ, अहवालातलं वाक्य, किनाऱ्यावरचा फोन, सगळं.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती सरकवला हुता?"

"दोन बोटं."

"कुठल्या अंगाला?"

"पुढे."

त्यांनी कुकर बाजूला ठेवला. भिंतीला हात लावून उभे राहिले, फरशीच्या एका सांध्यावर डावा पाय पुढे ठेवला, उजवा मागे. डोळे मिटले. गुडघे जेवढे वाकत होते तेवढे वाकवले आणि हळूच सरळ केले. परत एकदा. मग तसेच थांबले.

"उडी पडल्या पडल्या फळीचं नाक उठलं हुतं," ते म्हणाले. "मला लागलं तसं. म्या म्हटलं, पायच खोटं बोलाय लागला." डोळे उघडून त्यांनी पायाकडे पाहिलं. "न्हवता बोलत खोटं."

मी माफी मागितली. शब्द काय वापरले ते आठवत नाही.

"गुडघ्याचं काय न्हाय, मॅडम. लोखंडात काम करणाऱ्याला मार लागतोय," ते म्हणाले. "आदी सांगितलं आसतं तर तुमची जोडणी बी चालवली आसती. पाय जरा पुढं ठेवला आसता, एवढंच. पर तीन वर्सं म्या माझ्या पायावर संशय घेतला. हातावर बी."

असू दे, असं ते म्हणतील म्हणून मी थांबले होते, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. ते म्हणाले नाहीत. खाली बसून त्यांनी कुकर परत मांडीवर घेतला. वर न बघता म्हणाले, मुलगी चारला येते. तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाप सबब काढतोय.

तेव्हा दोन वाजले होते. मी खुर्चीवर बसले. त्यांनी मूठ बसवली, मग शेजारच्यांचा एक पंखा उघडला. एकदा उठून त्यांनी चहा केला आणि माझ्या हाताशी ठेवला. दोन तास इतके लांब असतात, हे मला ठाऊक नव्हतं.

ती आली ती मला बघून आनंदली. किती दिवसांनी, जेवूनच जा, असं म्हणत बॅग खांद्यावरून काढायला लागली. मी बोलायला लागले तशी तिची बॅग अर्ध्यावरच राहिली. मी पूर्ण सांगितलं, तिच्या वडिलांना सांगितलं होतं तसंच, काही न गाळता.

ती शांतपणे म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही रोज यायचात. मी घरी जाऊन अंघोळ करून यावं म्हणून त्यांच्याजवळ बसायचात. तेव्हा काय बोलायचात त्यांच्याशी?"

"कामाचं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मग ती वडिलांकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "आणि मी तुम्हाला शपथ घातली, पप्पा."

"तुला काय ठावं," ते म्हणाले.

मी पर्स उचलली. मला बसा म्हणून कोणी म्हटलं नाही, जा म्हणूनही नाही. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या उतरून फाटकाबाहेर आले. कडी जरा वाकलेली होती, लागेना. ती खटपट करताना मागे पाहिलं.

मुलीने चपला काढल्या होत्या आणि ओढणी कमरेला बांधली होती. फरशीच्या त्या सांध्यावर ती पाय मागेपुढे टाकून उभी होती. अण्णा भिंतीला एक हात लावून, दुखरा पाय लांब करून वाकले होते आणि दुसऱ्या हाताने तिचा पुढचा पाय थोडासा पुढे सरकवत होते. काहीतरी सांगत होते. इथून ऐकू येत नव्हतं. तिने गुडघे वाकवले. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, दाखवलं. तिने परत वाकवले, आणि या वेळी तिचं अंग एका लयीत वरखाली व्हायला लागलं.

कडी मोठ्याने वाजून बसली. दोघांपैकी कोणीही वर पाहिलं नाही.